पेन ड्राइव्हवरचं टेल्स: पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी, सोलापूरहून

सोलापूरच्या पूर्व भागात बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. पोराचा कॉलेजचा अभ्यास त्याच्यावर, दिराचे हिशेब त्याच्यावर, आणि सुनेला काही शोधायचं असलं तर तेही त्याच्यावरच. मी या भागात विड्या वळणाऱ्या आणि टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना अर्ज, तक्रारी, दाव्याची टिपणं लिहायला मदत करते. त्यातल्या एकीने घरच्या कॉम्प्युटरवर पोटगीची माहिती शोधली आणि नंतर हिस्टरी पुसून टाकली. त्यानंतर ती यायचीच बंद झाली. दोन महिन्यांनी भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, मी पुसलं होतं वो सगळं. पुसलं म्हणूनच विचारले, काय पुसलीस म्हणून."

"हिस्टरी डिलीट करा" हा सल्ला मी त्या दिवसापासून देणं सोडलं. रिकामी हिस्टरी स्वतःच चुगली करते. घरच्या कॉम्प्युटरच्या आतल्या कशालाच हात न लावता काम करता आलं पाहिजे, हे तेव्हा कळलं आणि शोधता शोधता टेल्स सापडलं.

टेल्स ही पेन ड्राइव्हवर मावणारी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कॉम्प्युटर विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, काम करायचं, बंद करायचा, ड्राइव्ह काढून घ्यायचा. आतली हार्ड डिस्क तशीच राहते. सगळं काम रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत चालतं आणि बंद होताना टेल्स रॅमही पुसून टाकतं. इंटरनेट फक्त टॉरच्या जाळ्यातून, म्हणजे तुम्ही कुठून आलात ते लपवणाऱ्या नेटवर्कमधून जातं. २००९ पासून ती चालू आहे, डेबियन या लिनक्सवर उभी आहे, पूर्ण मोफत आहे, आणि २०२४ मध्ये टेल्स आणि टॉर या दोन्ही संस्था एकत्र आल्या. अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये पत्रकारांशी बोलताना हीच वापरली होती. पण ती तेवढ्या मोठ्या माणसांसाठीच आहे असं अजिबात नाही.

मला पहिल्यांदा बसवताना तीन रविवार लागले. तुमचं काम एका दुपारी व्हावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी ठरवा: तुम्हाला हे कशासाठी हवंय?

घरातल्या, ऑफिसातल्या किंवा कॅफेतल्या कॉम्प्युटरवर मागे काही राहू नये, आणि इंटरनेटवर तुम्ही कुठून आलात हे समोरच्याला कळू नये, या दोन गोष्टींसाठी टेल्स उत्तम आहे.

बँकेचे व्यवहार, सरकारी पोर्टलवरचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट यांसाठी ते घेऊ नका. टॉरमधून गेलं की तुम्ही जर्मनीतून किंवा नेदरलँड्समधून आल्यासारखे दिसता. मग यातल्या कित्येक साइट उघडतच नाहीत, किंवा संशयाने खातं अडकवून ठेवतात. आणि जिथे तुम्ही स्वतःच्या नावाने, आधारने, ओटीपीने आत जाता तिथे ओळख लपवण्याचा प्रश्नच उरत नाही.

"माझ्या मोबाइलवर व्हीपीएन आहे की" असं बरेचजण म्हणतात. व्हीपीएन म्हणजे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेट वापरणं. त्यात एकच कंपनी तुम्ही कोण आणि कुठे गेलात हे दोन्ही पाहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांनी भारतात ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. टॉरमध्ये हे काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं. पहिल्या टप्प्याला तुम्ही कोण ते दिसतं, पण कुठे चाललात ते नाही. शेवटच्याला कुठे चाललात ते दिसतं, पण तुम्ही कोण ते नाही. मधला फक्त पुढे सरकवतो. प्रत्येक टप्प्यावर कुलपाचं एकेक आवरण उतरतं, म्हणून टॉरचं चिन्ह कांदा आहे. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गोण्यांचे डोंगर बघत वाढलेल्या माणसाला थर म्हणजे काय ते वेगळं समजवायला नको.

भारतात टॉर वापरायला बंदी नाही. त्यावरून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच असतो.

२. काय काय लागेल

- किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, पूर्ण रिकामा करता येईल असा. १६ जीबीचा घेतलात तर पुढे जागेची ओढाताण होत नाही. शक्य असेल तर एकसारखे दोन घ्या, दुसरा प्रतीसाठी.
- ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर आणि किमान ३ जीबी रॅम असलेला कॉम्प्युटर. मोबाइल, टॅबलेट आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकवर टेल्स चालत नाही.
- ड्राइव्ह तयार करण्यासाठी भरवशाचा दुसरा कॉम्प्युटर. ज्याच्यापासून लपवायचंय त्याच माणसाच्या कॉम्प्युटरवर टेल्स डाउनलोड करू नका. त्याची नोंद तिथे राहतेच.
- दीड-दोन जीबी डाउनलोड होईल एवढा डेटा.
- वही आणि पेन. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू करताना हा लेख स्क्रीनवर नसेल, तेव्हा पाचव्या आणि सहाव्या पायरीची टिपणं उतरवून ठेवा.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत पैसे वाचवू नका. माझा पहिला ड्राइव्ह रस्त्याकडेच्या टेबलावरून घेतलेला होता. वर ६४ जीबी छापलेलं, किंमत निम्म्याहून कमी. टेल्स त्यावर छान सुरू झालं, म्हणून मी निर्धास्त होते. तिसऱ्या आठवड्यात त्यात ठेवलेल्या फायली उघडेनात. आत खरी जागा छापल्यापेक्षा कितीतरी कमी होती आणि तिच्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत गेलं होतं. दुकानातून, बिलासकट घ्या.

३. डाउनलोड आणि तपासणी

पत्ता एकच: टेल्स डॉट नेट (tails.net). सर्च करून वर येणाऱ्या पहिल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता हाताने टाइप करा. टेलिग्रामवर किंवा ओळखीच्या कुणी पाठवलेली फाइल तर मुळीच घेऊ नका.

तिथे दोन प्रकारच्या फायली दिसतात. शेवटी आयएमजी असलेली पेन ड्राइव्हसाठी. शेवटी आयएसओ असलेली डीव्हीडी आणि व्हर्च्युअल मशीनसाठी. आपल्याला पहिली हवी. मी पहिल्या रविवारी दुसरी घेतली होती आणि दिवस तिथेच गेला.

फाइल आली की त्याच पानावर तपासणीचं बटण आहे. उतरलेली फाइल निवडायची, ब्राउझर ती मोजून बरोबर आहे की नाही ते सांगतो. मिनिटभराचं काम. ते टाळू नका: अर्धवट उतरलेली फाइल पुढे अशा विचित्र चुका दाखवते की दोष कॉम्प्युटरचा आहे असं वाटत राहतं. आणि कुणी मुद्दाम बदललेली फाइल असेल, तर पुढच्या सगळ्या काळजीला काही अर्थच राहत नाही.

४. पेन ड्राइव्हवर टेल्स लिहिणं

आयएमजी फाइल ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. ती लिहावी लागते. विंडोजवर त्यासाठी रूफस नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर आहे.

रूफस उघडा. सर्वात वर डिव्हाइसच्या जागी तुमचा पेन ड्राइव्ह निवडला गेलाय का ते त्याच्या जीबीवरून दोनदा पाहा. सिलेक्ट दाबून टेल्सची फाइल दाखवा. बाकीच्या रकान्यांना हात लावू नका. स्टार्ट दाबा. ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते, ती खरी आहे. जवळ बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधीच काढून ठेवा. चुकून तिच्यावर लिहिलं गेलं तर लग्नाचे फोटो परत येत नाहीत.

पूर्ण झालं की विंडोज लगेच एक चौकट दाखवतं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. इथे कॅन्सल दाबा. विंडोजला टेल्सची रचना वाचता येत नाही म्हणून ते असं म्हणतं, ड्राइव्ह खराब झालेला नसतो. फॉरमॅट दाबलंत तर केलेलं सगळं पुसलं जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

ओळखीच्या कुणाकडे आधीच टेल्स असेल तर तिसरी आणि चौथी पायरी दोन्ही वाचतात. त्यांच्या टेल्समध्ये टेल्स क्लोनर आहे. त्यांचं टेल्स सुरू करून तुमचा ड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावा आणि इन्स्टॉल दाबा. त्या माणसावर तुमचा पूर्ण विश्वास हवा, एवढंच.

५. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

नव्वद टक्के लोक इथे अडतात, त्यामुळे हे सावकाश वाचा.

*विंडोज सुरू असेल तर:* ड्राइव्ह लावा. स्टार्ट मेनूतून पॉवरवर जा, कीबोर्डवरची शिफ्ट की दाबून धरा आणि ती न सोडता रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात "यूज अ डिव्हाइस" निवडा आणि पुढच्या यादीतून यूएसबी किंवा पेन ड्राइव्हच्या कंपनीचं नाव निवडा. हा रस्ता सर्वात सोपा.

*तो पर्याय दिसत नसेल तर:* कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. चालू करा आणि लगेच बूट मेनूची की टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, एसरवर एफ१२, असुसवर एस्केप किंवा एफ८. एकदाच दाबून वाट पाहायची नाही. दिवा लागल्यापासून सेकंदाला दोनदा, पडदा बदलेपर्यंत. विंडोजचं चिन्ह आलं म्हणजे उशीर झाला. बंद करून पुन्हा. मला चौथ्या वेळी जमलं. आता मी बायकांना हे शिकवते तेव्हा त्यांचं बोट माझ्या बोटाखाली धरून एकदा लय दाखवते. एकदा बसली की बसली.

सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा असं पुष्कळजण सांगतात. २०२० पासून टेल्स सिक्युअर बूटसह चालतं, त्यामुळे सहसा गरज नाही. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरून काही बदलण्याची वेळ आलीच, तर आधी थांबा. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर अशा बदलानंतर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर घरचा लॅपटॉप उघडणार नाही आणि मग तुम्ही काय करत होतात हे सगळ्या घराला समजेल. की आधी लिहून घ्या किंवा त्या लॅपटॉपचा नाद सोडा.

टेल्सचा पहिला काळा पडदा आला की काही दाबू नका, काही सेकंदांत ते आपोआप पुढे जातं. पहिल्या वेळी थोडा जास्त वेळ लागतो, कारण टेल्स पेन ड्राइव्हची जागा स्वतःसाठी आखून घेतं. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून त्याच मेनूत "ट्रबलशूटिंग" लिहिलेली ओळ निवडा. तरीही नाही आलं तर त्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डचं टेल्सशी जमत नाही असं समजा आणि दुसरा कॉम्प्युटर बघा.

६. स्वागताचा पडदा

भाषा इंग्रजीच ठेवा, कीबोर्ड यूएसचा. मराठी टाइप करायचं असेल तर आत गेल्यावर सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली भारतीय लिपीचा लेआउट जोडता येतो. पासवर्ड टाकताना मात्र इंग्रजीवर परत या, नाहीतर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरेल.

खाली अधिकच्या सेटिंग्ज आहेत. त्यात ॲडमिनिस्ट्रेशन पासवर्ड आहे, तो गरज नसेल तर ठेवू नका. तो नसला की चुकूनही आतल्या हार्ड डिस्कमध्ये शिरता येत नाही आणि आपल्याला तेच हवंय. ऑफलाइन मोडही तिथेच आहे. नुसता अर्ज लिहायचा असेल, नेट लागणारच नसेल, तर तो लावा. मग स्टार्ट टेल्स.

७. टॉरला जोडणं, आणि घड्याळाचा घोळ

वर उजव्या कोपऱ्यातून वाय-फाय निवडा. वाय-फाय दिसतच नसेल तर तुमचं कार्ड टेल्सला ओळखता येत नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुधा चालतं.

टॉर कनेक्शनची खिडकी उघडते. तिच्यात दोन पर्याय: टॉरला आपोआप जोडा, किंवा मी टॉर वापरतोय हे माझ्या नेटवर्कपासून लपवा. घरचा राउटर किंवा इंटरनेट कंपनी, यांना तुम्ही काय बघताय ते कळत नाही, पण टॉर वापरताय एवढं कळू शकतं. तेवढ्याने तुम्हाला धोका नसेल तर पहिला पर्याय घ्या. धोका असेल तर दुसरा, पण त्यासाठी ब्रिजचा, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या जाहीर नसलेल्या दाराचा, पत्ता आधी मागवावा लागतो. जीमेलवरून टॉर प्रकल्पाला मेल केली की तो उत्तरात येतो.

आता घोळाकडे. एका कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर टॉर काही केल्या जोडलं जाईना. मी नेट बदललं, ड्राइव्ह बदलला, सगळं केलं. शेवटी तारखेकडे लक्ष गेलं: ती कितीतरी वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला. सीआर२०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. घातला, बायोसमध्ये तारीख नीट केली, आणि टॉर लगेच जोडलं गेलं. दोन कॉम्प्युटरांची घड्याळं जुळत नसतील तर एकमेकांचे दाखले त्यांना खरे वाटत नाहीत, म्हणून असं होतं.

यातलाच आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे साडेपाच तासांचा फरक. विंडोज कॉम्प्युटरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं, टेल्स तीच वेळ ग्रिनिचची आहे असं धरतं. टॉर अडलं आणि घड्याळ दुरुस्त करायचा पर्याय पुढे आला तर टाइम झोनमध्ये कोलकाता निवडा. आणि सगळं सुरळीत असताना वरचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. टेल्स मुळात ग्रिनिचचीच वेळ दाखवतं.

८. जे सेव्ह केलं नाही ते गेलं

ही पायरी माझ्यासाठी सर्वात जड आहे. टेल्स काही लक्षात ठेवत नाही हे मला माहीत होतं, पण ते अंगात मुरलं नव्हतं. एका बाईच्या थकलेल्या मजुरीचा अर्ज मी टेल्समध्ये लिहीत होते. ती सांगत होती, मी लिहीत होते. कोणत्या महिन्यात किती हजऱ्या, किती पैसे हातात आले, कोण काय बोललं. नवव्या पानावर लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर पुन्हा सुरू केलं तेव्हा पडदा कोरा. बोलताना एवढं रडलेल्या बाईला मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं.

म्हणून काम ठेवायचं असेल तर लिहायला बसण्याआधीच पर्सिस्टंट स्टोरेज करा. पेन ड्राइव्हवरच उरलेल्या जागेत हा कुलूपबंद कप्पा असतो. त्यातलं सगळं कूटबद्ध असतं आणि पासफ्रेजशिवाय उघडत नाही. ॲप्लिकेशन्सच्या मेनूत पर्सिस्टंट स्टोरेज उघडा, पासफ्रेज द्या, आणि काय काय ठेवायचं ते निवडा. सुरुवातीला फक्त वैयक्तिक कागदपत्रं चालू करा. वाय-फायचे पासवर्ड, बुकमार्क, मेल हे लागेल तसं नंतर. नंतर होम फोल्डरमध्ये पर्सिस्टंट नावाचं फोल्डर दिसतं. फक्त त्यातलंच टिकतं. डेस्कटॉपवर ठेवलेलं टिकत नाही.

पासफ्रेज म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पाच ते सात शब्द. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतात. पोरांची नावं, गावाचं नाव, लग्नाची तारीख नको. घरातल्या माणसांना ते आधीच सुचतं. आणि विसरलात तर परत मिळवायचा कोणताही मार्ग नाही. मी शिकवताना सकाळी ठरवलेली पासफ्रेज संध्याकाळी पुन्हा टाकायला लावते, मगच त्यात खरं काही ठेवू देते.

पुढच्या वेळी टेल्स सुरू करताना स्वागताच्या पडद्यावरच पासफ्रेज टाकून कप्पा उघडायचा. तिथे विसरलात तर आत गेल्यावर तुमची कागदपत्रं दिसणार नाहीत. ती गेलेली नसतात. बंद करून पुन्हा सुरू करा.

लॅपटॉप असेल तर बरं, बॅटरी लाइट सांभाळून घेते. डेस्कटॉप असेल तर दर परिच्छेदाला कंट्रोल आणि एस.

आणि हा कप्पा आहे हे लपत नाही. ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला आत कुलूपबंद काहीतरी आहे एवढं दिसेल. मारहाण करून पासफ्रेज काढून घेतली जाईल अशी घरची परिस्थिती असेल तर कप्पा करूच नका. काम करा, कागद छापून घ्या किंवा विश्वासातल्या माणसाला मेल करा, आणि बंद करा.

९. फोटो: आत काय दडलंय

एका बाईने कारखान्यातल्या तुटलेल्या वायरिंगचा फोटो पाठवला होता. नाव न सांगता तक्रार करायची होती. फोटोत फक्त भिंत आणि वायर. मी फाइलची माहिती उघडली. फोनचं मॉडेल, तारीख, वेळ मिनिटापर्यंत, आणि खाली अक्षांश १७.६ने आणि रेखांश ७५.९ने सुरू होणारे लांबलचक आकडे. नकाशात टाकले तर बरोबर त्या शेडवर टाचणी. त्या वेळी त्या शेडमध्ये फोन घेऊन कोण होतं हे मालकाला हजेरीपत्रकावरून पाच मिनिटांत कळलं असतं.

टेल्स ही माहिती आपोआप काढत नाही. त्यासाठी त्यात मेटाडेटा क्लीनर आहे. फोटो, पीडीएफ, वर्डच्या फायली त्यात टाका, साफ करा, मगच पाठवा. पीडीएफ साफ केल्यावर त्यातला मजकूर कॉपी करता येत नाही, पानं चित्रासारखी होतात. तसं झालं तर बिघडलं असं समजू नका.

पण मूळ फोटो कधीही साफ करू नका, पुसूही नका. उद्या कोर्टात पुरावा म्हणून लागला तर तीच तारीख, तीच वेळ तुमच्या बाजूने बोलते. साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फोटो वकिलाला विचारल्याशिवाय हलवू नका.

१०. टेल्स काय लपवत नाही

टेल्समधून स्वतःच्या फेसबुकवर गेलात तर फेसबुकला तुम्हीच आहात हे कळतं. तक्रारीचा गुप्त मेल आणि स्वतःचं खातं एकाच बैठकीत उघडू नका. एक काम झालं की बंद करून पुन्हा सुरू करा, मगच दुसरं.

मागे उभा राहिलेला माणूस स्क्रीन बघू शकतो. टेल्स विंडोजसारखं दिसत नाही, त्यामुळे येता-जाता नजर टाकणाऱ्यालाही वेगळं काहीतरी चालू आहे हे समजतं. कुणी अचानक आलं तर पेन ड्राइव्ह ओढून काढा, टेल्स तिथल्या तिथे बंद होतं. कप्पा उघडा असेल तर त्यातली फाइल खराब होऊ शकते, म्हणून हे खरोखरच्या अडचणीतच.

कॉम्प्युटरच्या वायरमध्ये कुणी यंत्र बसवून कीबोर्डचं प्रत्येक बटण टिपत असेल, किंवा बायोसच बिघडवलेला असेल, तर टेल्सचा काही उपयोग नाही.

मोबाइल तर पूर्ण बाहेरच. टेल्सवर एवढी काळजी घेऊन तोच मजकूर व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवणाऱ्या कितीजणी मी पाहिल्यात. त्या व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये नवऱ्याचा लॅपटॉप जोडलेला असतो. आधी तिथे जाऊन बघा.

सायबर कॅफेत वापरायचं असेल तर मालकाला विचारा, न विचारता त्यांचा कॉम्प्युटर बंद करून ड्राइव्ह लावू नका. आणि २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे त्यांना तुमचं ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते, ती किमान वर्षभर. तुम्ही तिथे किती वाजता बसला होतात हे त्या वहीत राहतं. टेल्स वहीतलं पुसत नाही.

११. अपडेट, दुसरी प्रत, आणि शेवटी

साधारण महिन्याला टेल्सची नवी आवृत्ती येते. टॉरला जोडल्यावर ते स्वतःच सांगतं. त्याच दिवशी करा. मोठी फाइल असते, तर लॅपटॉप चार्जिंगला लावून, घाई नसताना. मध्येच बंद करू नका.

हा ड्राइव्ह फक्त टेल्ससाठी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला हाच ड्राइव्ह देऊ नका. तिथल्या व्हायरस भरलेल्या विंडोजमध्ये तो कधीच लावायचा नाही. छापायची फाइल साफ करून दुसऱ्या साध्या ड्राइव्हवर घ्या.

कप्प्यात महत्त्वाचं काही असेल तर दुसरी प्रत करा. टेल्स क्लोनर उघडा, दुसरा ड्राइव्ह लावा, पर्सिस्टंट स्टोरेजही सोबत घ्यायचा पर्याय निवडा. ही प्रत घरात ठेवू नका. माझ्या ओळखीच्या एकीने ती आईकडे, शेंगा चटणीच्या बरणीमागे ठेवलीय. दर महिन्याला माहेरी गेली की नवी करून येते.

काम संपलं, दावा निकाली निघाला, आता ड्राइव्ह नकोच असेल, तर तो नुसता फेकू नका, कुणाला देऊही नका. टेल्स सुरू करा आणि स्वागताच्या पडद्यावर कप्पा न उघडता पुढे जा. पर्सिस्टंट स्टोरेजच्या खिडकीत तो कायमचा पुसायचा पर्याय आहे, तो वापरा. नंतर रूफसने ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट केलात की तो साध्या पेन ड्राइव्हसारखा वापरता येतो.